जुन्या विमानाच्या पंखाची लीडिंग एज घरच्या घरी कशी घडवायची: माझ्या एरॉन्का चॅम्पवर शिकलेलं सगळं

माझ्याकडे १९४६ सालचं एरॉन्का ७एसी चॅम्प आहे. ६५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन, पुढे-मागे दोन सीटा, पंखात लाकडी स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य दांडा), अ‍ॅल्युमिनियमच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या बरगड्या) आणि वरून कापड. हे विमान ओहायोतल्या मिडलटाउनला बनलं, आणि मी डेटनजवळ राहते, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी ते आपल्या गावाशेजारीच परत उभं राहतंय, मला याचं फार अप्रूप वाटतं. बाबा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते, त्यांना पहिला फोटो पाठवला तर लगेच फोन आला, "अगं, हे तर आपलं पुष्पक!" आणि ते खरंच आहे, १९५८ साली बंगळूरला उडालेलं एचएएलचं पुष्पक एरॉन्का चीफच्या धर्तीवरचंच होतं, आणि चीफ ही चॅम्पची सख्खी बहीण, बरेचसे भाग तेच. भारतातल्या कितीतरी फ्लाइंग क्लबांमध्ये पोरं पुष्पकवर विमान चालवायला शिकली. त्यामुळे आपल्याकडच्या कुणाला हे काम अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

लीडिंग एज म्हणजे पंखाची पुढची गोल कड. स्पारच्या वरून निघून नाकाला वळसा घालून स्पारच्या खाली येणारा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि त्याच्यावरून कापड. पुढून येणारी हवा पहिल्यांदा तिथेच भिडते, तिथला आकार बिघडला तर विमान स्टॉल कसं होतं (पंखाची उचलून धरायची ताकद कशी सुटते) ते बदलतं, एका पंखाचं नाक चपटं आणि दुसऱ्याचं गोल असेल तर स्टॉलमध्ये एक पंख आधी पडतो. शिवाय पॉलिएस्टरचं कापड इस्त्रीने आकसलं की खालचा प्रत्येक पोचा, प्रत्येक सळ रंगाखाली आरशासारखा दिसतो, कायमचा.

मी हे सगळं चुकत चुकत शिकले, चार शीट वाया गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून पहिल्यापासून क्रमाने लिहिते. एक गोष्ट आत्ताच मनात धरा, कारण खाली प्रत्येक पायरीला तीच परत येणार आहे: पत्रा रिबवर स्वतःहून बसला पाहिजे. पट्टे, खिळे, रिव्हेट हे फक्त त्याला जागेवर धरायला, आकार द्यायला नाहीत.

## १. आधी कागदपत्रं

हे अमेरिकेतल्या सर्टिफाइड विमानाबद्दल लिहितेय, होमबिल्ट असेल तर नियम वेगळे. पत्रा कापायच्या आधी तुमच्या ए अँड पी मेकॅनिकशी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दुरुस्त करायचं लायसन्स असलेला) आणि आयए असलेल्या माणसाशी (मोठी दुरुस्ती तपासून सही करायचा अधिकार असलेला) बसून बोला. आपल्याकडे लायसन्स नसलं तरी मेकॅनिकच्या देखरेखीखाली आपण हाताने काम करू शकतो, एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) नियमांतल्या पार्ट ४३ मधलं कलम ४३.३(डी) त्यासाठीच आहे, पण देखरेख म्हणजे तो प्रत्यक्ष येऊन बघणार आणि विचारायचं झालं तर प्रत्यक्ष हजर असणार, फोनवर "हो हो, कर" एवढ्याने होत नाही.

दुसरं, तुम्ही स्वतः घडवलेला भाग आपल्याच विमानावर लावायचा असेल तर तो "मालकाने बनवलेला भाग" म्हणून त्याच नियमांतल्या कलम २१.९(ए)(५) खाली बसतो. त्यात मालकाचा खरा सहभाग लागतो: डिझाइनची माहिती देणं, माल देणं, बनवायची पद्धत ठरवणं, तपासणी करणं किंवा बनवताना देखरेख करणं, यातलं निदान एक तरी. काम मेजर रिपेअरमध्ये येतं का, फॉर्म ३३७ (मोठ्या दुरुस्तीची नोंद) लागतो का, हे आयएला आधीच विचारा, सगळं झाल्यावर विचारलं तर उत्तर काहीही आलं तरी त्रास तुम्हालाच.

जवळ ठेवायचं ते असं:

- विमानाची लॉगबुकं, जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदींसकट
- टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे मंजूर डिझाइनचा तपशील (७एसी साठी ए-७५९)
- पार्ट्स मॅन्युअल आणि मिळतील ती ड्रॉइंग
- एफएएचं एसी ४३.१३-१बी हे दुरुस्तीच्या पद्धतींचं पुस्तक, त्यातलं लाकूड, कापड आणि धातू अशी तिन्ही प्रकरणं
- शीटबरोबर येणारं मालाचं सर्टिफिकेट
- काम चालू असतानाचे तारखेसकट फोटो, हे कुणी मागत नाही पण आयए सही करताना याच्यावरच सगळं निभावतं

तयार वाकवलेल्या लीडिंग एज विकत मिळतात हेही सांगते. एकच पंख करायचाय आणि वेळ कमी आहे तर बिनधास्त घ्या. मी घरी करायचं ठरवलं कारण लांब खोका ट्रकने येताना पत्र्याला पोचे पडायची भीती होती, आणि खरं सांगायचं तर मला शिकायचं होतं.

## २. सामान

मायक्रोमीटर, व्हर्नियर, स्टीलची लांब पट्टी, गुण्या, दोरी. पत्रा कापायच्या कातरी (लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ). बारीक कानस, डीबरिंग टूल (भोकांच्या कडेची धारदार कोर काढायला), स्कॉचब्राइट. क्लेको (भोकांत घालून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) आणि त्यांची पक्कड, चंदेरी क्लेको ३/३२ इंची भोकाला आणि तांबड्या १/८ ला, चंदेरी भरपूर घ्या, मी पन्नास आणल्या आणि परत शंभर आणायला लागल्या. ४० नंबर आणि ३० नंबरचे ड्रिल बीट. १२ मिमी प्लायवूड, तीन-चार सरळ फळ्या, क्लॅम्प, रॅचेट पट्टे, जुनं ब्लँकेट. वाकवायला धातूची ट्यूब, तिचा व्यास पायरी ६ मध्ये सांगते, आत्ताच आणू नका.

आणि हातमोजे. कापलेल्या शीटची कड ब्लेडसारखी असते.

मार्किंगला फक्त बारीक मार्कर पेन. पेन्सिल नाही! शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमवर राहिलं की ओल मिळताच तिथे गंज धरतो. आणि टोकदार सुईने रेघ मारायची सवय असेल तर ती याच्यावर चालणार नाही, ०.०२० इंचाच्या पत्र्यावर ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेची सुरुवात.

## ३. जुना पत्रा फेकू नका

इथे बहुतेक जण चुकतात. कापड काढलं, जुना चेपलेला पत्रा दिसला की उचकटून भंगारात. थांबा जरा. त्या पत्र्यावर सगळी माहिती लिहिलेली असते: तुकडे कुठे जोडलेत, कुठला कुणाच्या वर चढलाय, किती ओव्हरलॅप, खिळ्यांचं अंतर, रिव्हेट कुठे. काही विमानांत स्पारला खिळे असतात, काहींत स्क्रू, काहींत रिव्हेट, तुमच्यात मूळ काय होतं ते आधी ओळखा आणि तेच करा.

काढायच्या आधी प्रत्येक तुकड्याचे फोटो, मग नंबर टाका: डावा १, डावा २, असं. काढताना खिळे स्पारमधून सरळ वर ओढा, तिरके ओढले तर स्प्रूसचे (स्पारच्या लाकडाचे) तंतू उपटतात. चेपला नसलेला एखादा भाग बघून तिथे मायक्रोमीटरने जाडी घ्या, रंग नीट खरवडून, कारण रंगाची जाडी मोजून चुकीची शीट मागवलेली माणसं मला माहीत आहेत. या वर्गातल्या विमानांत साधारण ०.०१६ ते ०.०२५ इंचांच्या मधलं काहीतरी सापडतं. माझ्या पंखावर ०.०२० होती, पुढचे सगळे आकडे त्याच जाडीचे आहेत.

पत्रा निघाला की स्पारचा पुढचा भाग कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच उघडा पडतो, ही संधी सोडू नका. तिरपा टॉर्च मारून वरची आणि खालची बाजू बघा, तंतूंना आडवी जाणारी केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती कॉम्प्रेशन क्रॅक (दाबाने लाकडाचे तंतू चिरडून पडलेली भेग) असू शकते, मग तिथेच काम थांबवून आयएला बोलवायचं. सैल झालेले किंवा निघालेले रिबचे खिळेसुद्धा बघा, या विमानांच्या लाकडी स्पारच्या तपासणीत ते खास बघतात.

## ४. पंख सरळ आहे का?

वाकड्या पंखावर सरळ पत्रा बसत नाही. आधी पंख ट्रॅमल करून घ्या, म्हणजे प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून आतल्या तारा कमीजास्त ताणायच्या, कर्ण सारखे येईपर्यंत. पत्रा चढल्यावर हे करायला गेलात तर पत्र्याला सुरकुत्या पडतात.

मग नाकाच्या रिब. पुढून दोरी ताणून धरा, मुळापासून टोकाकडे, सगळ्या रिबच्या नाकांना ती हलकी शिवली पाहिजे. एक रिब आत असली तर तिथे खळगा दिसणार, बाहेर असली तर टेंगूळ. माझ्या डाव्या पंखात दोन रिब कधीतरी कशावर तरी आपटून आत गेल्या होत्या आणि कुणीतरी त्यावर तसाच पत्रा ठोकला होता. चांगल्या रिबवरून प्लायवूडचा नमुना कापा, वरची बाजू आणि खालची बाजू दाखवणारा, आणि तो प्रत्येक रिबवर लावून बघा. हा नमुना पुढे शेवटपर्यंत लागतो, त्याच्यावर "वर" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कारण उलटा लावला तरी पहिल्या नजरेत कळत नाही.

## ५. शीट घेणं आणि कागदाचा नमुना

शीट घ्यायची ती २०२४-टी३ अलक्लॅड (२०२४ ही मिश्रधातूची जात, टी३ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली). जुन्या ड्रॉइंगवर २४एस-टी असं दिसेल, घाबरू नका, चार आकडी नावं १९५४ मध्ये आली, त्याआधी याच जातीच्या मालाला तसं म्हणायचे. अलक्लॅड म्हणजे दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, गंज थांबवायला. शीटवर छापलेलं वाचा, क्यूक्यू-ए-२५०/५ म्हणजे अलक्लॅड, /४ म्हणजे बिनथराची. नरम मिळते म्हणून ३००३ घ्यायचा मोह होतो, हाताने सहज वळते, पण पोचे पडतात तेही तितक्याच सहज, आणि मूळ मालापेक्षा कमकुवत माल लावायला आयए सही करणार नाही. टी३ ला टॉर्चने तापवून नरम करायची आयडिया कुणी सांगितली तर ऐकू नका, ताकद जाते आणि आतलं तांबं वरच्या शुद्ध थरात शिरून गंज थांबवायचा गुणही जातो.

आता ब्राऊन पेपरची पट्टी घ्या, स्पारच्या वरच्या कडेपासून नाकावरून खालच्या कडेपर्यंत रिबला चिकटून गुंडाळा, दोन्ही कडा आणि नाकाचा अगदी पुढचा बिंदू मार्कर पेनने खूण करा. एकदा मुळाशी, एकदा मध्यात, एकदा टोकाकडे.

कागद उलगडला की लक्षात येतं, नाकाची खूण मध्यावर नाहीच! चॅम्पचा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) NACA ४४१२ आहे, वरून फुगीर आणि खालून बराच सपाट, त्यामुळे माझ्या पंखात वरची बाजू खालच्यापेक्षा सव्वा इंचाहून जास्त लांब निघाली. माझी पहिली शीट इथेच गेली. मी दोन्ही कडा जुळवून बरोब्बर मधोमध वाकवली, वाक सुंदर आला, आणि पंखावर धरली तर वर कमी पडली आणि खाली लोंबायला लागली. तेव्हा वाकाची रेघ कागदावरून शीटवर उतरवा, अंदाजाने नको. रुंदीत दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त ठेवा, शेवटी कापता येतं.

लांबी मूळ जोडांप्रमाणे, प्रत्येक जोड रिबवरच आला पाहिजे, हवेत लटकता नाही.

शीटवरची प्लास्टिकची फिल्म वाकवेपर्यंत राहू द्या, पण महिनोन्महिने नको, जुनी झाली की ती निघता निघत नाही.

## ६. स्प्रिंगबॅक, म्हणजे पत्रा परत का उघडतो

या पायरीला घाई करू नका. सगळ्यात जास्त शीटा इथेच वाया जातात.

४४१२ च्या नाकाची त्रिज्या कॉर्डच्या (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) साधारण १.५८ टक्के येते. माझी कॉर्ड ६० इंच, म्हणजे त्रिज्या सुमारे ०.९५ इंच, एक इंचच धरा. मग साहजिकच वाटतं, दोन इंच व्यासाच्या पाईपवर वाकवला की झालं. मी तेच केलं. दोन इंच रुंदीची पट्टी कापली, पाईपला घट्ट गुंडाळली, सोडली, आणि ती अशी झपकन उघडली की त्रिज्या अडीच इंचांच्या आसपास गेली. एकाचे अडीच!

कारण असं, टी३ पत्रा कडक आहे आणि पातळ आहे. पातळ पत्रा वाकवला की बराचसा वाक हा नुसता स्प्रिंगसारखा असतो, सोडला की परत जातो, फक्त वरचा-खालचा थोडा भाग कायमचा ताणला जातो. ०.०२० इंचाच्या टी३ पत्र्याला साधारण सव्वादोन इंचांपेक्षा मोठ्या त्रिज्येचा वाक दिला तर काहीच राहत नाही, सोडला की परत सपाट. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, नाकाला हव्या त्रिज्येपेक्षा बराच जास्त वाक द्यायला लागतो. दोन, आणि ही चांगली बातमी आहे, नाकाच्या मागची वरची-खालची मोठी वळणं तुम्हाला घडवायचीच नाहीत, तिथे पत्रा हाताच्या दाबाने रिबवर आपोआप टेकतो. घडवायचं ते फक्त नाक.

मला शेवटी सव्वा इंच बाहेरच्या व्यासाची ट्यूब जमली. तिच्यावर घट्ट वाकवलेली पट्टी उघडून एक इंच त्रिज्येवर येऊन थांबते, प्लायवूडच्या नमुन्याला लावली की उजेड दिसत नाही. पत्रा ०.०१६ चा असेल तर तो आणखी उघडतो, ट्यूब आणखी बारीक लागेल. ०.०२५ चा असेल तर उलट. म्हणून तुमच्या शीटच्याच तीन-चार पट्ट्या कापून वेगवेगळ्या व्यासांवर करून बघा, कागदावर लिहून ठेवा, मगच ट्यूब घ्या.

आणि पाईप विकत घेताना व्हर्नियर खिशात ठेवा. दुकानात "एक इंची" म्हणून मिळणारा पाण्याचा लोखंडी पाईप बाहेरून १.३१५ इंच असतो, नाव एक आणि माप दुसरंच.

भेगा पडतील का अशी भीती वाटते, तर इथे नाही. वाकाची त्रिज्या पत्र्याच्या जाडीच्या तीस पट आहे, हा माल त्याच्या कितीतरी बारीक वाक सोसतो. भेग येते ती कडेच्या खाचेतून, म्हणून वाकवायच्या आधी कापलेल्या सगळ्या कडा कानस आणि स्कॉचब्राइटने बोट फिरवता येईल इतक्या गुळगुळीत करा.

## ७. प्रत्यक्ष वाक देणं

ब्रेक मशीनवर (पत्र्याला सरळ घडी घालणारं यंत्र) बारीक बारीक घड्या देत गोल आणणारे लोक आहेत, पण प्रत्येक घडीची रेघ उमटते आणि कापडाखाली ती दिसते. स्लिप रोल (पत्रा गोल वळवणारे रूळ) मिळाला तर छान, सहा फुटी मात्र सहसा मिळत नाही. मी जी पद्धत वापरली तिला फक्त जमीन, फळ्या आणि एक मदतनीस लागतो.

जमीन झाडा, नुसती नाही, पुसून घ्या. काँक्रीटवरचा एक खडा पत्र्याखाली आला की टिचकीएवढा फोड येतो आणि तो काढता येत नाही. वर ब्लँकेट नको, ते दबतं, सपाट प्लायवूड पसरा.

शीट त्यावर ठेवा, वाकाच्या रेघेवर ट्यूब ठेवा. दोघांनी मिळून, दोन टोकांना उभं राहून, वरची कड उचलून ट्यूबवरून पलीकडे आणा, जसं आपण चादरीची घडी करतो तसं, सावकाश. वरची कड खालच्या कडेच्या किती पुढे किंवा मागे यायला हवी ते कागदी नमुन्यावरून आधीच काढून दोन्ही टोकांना खूण केलेली हवी, त्या खुणा जुळल्या की दोन्ही कडा दोन सरळ फळ्यांच्या मध्ये धरून क्लॅम्प लावा. आता पत्रा पाण्याच्या थेंबासारखा दिसतो, मागे चिमटलेला आणि पुढे फुगलेला, आणि ट्यूब आत मोकळी लोळतेय. ती हाताने पुढे सरकवून नाकात बसवा.

मग शीटच्या पूर्ण लांबीएवढी फळी फुगीर भागावर आडवी ठेवा आणि दोघांनी दोन्ही टोकांवर एकाच वेळी गुडघे टेकून वजन द्या. थोडं दाबा, उठा, बघा. परत थोडं. पत्रा हळूहळू ट्यूबला चिकटत जातो आणि दाबाला एक वेगळाच कडकपणा यायला लागतो, हाताला कळतो तो. आत ट्यूब नसताना कधीही दाबू नका, एका सेकंदात नाकावर घडी पडते आणि पडलेली घडी या पत्र्यात परत जात नाही. माझी दुसरी शीट अशी गेली, ट्यूब एका टोकाकडून चार इंच कमी पडत होती आणि माझ्या लक्षात आलं नाही. ट्यूब शीटपेक्षा दोन्हीकडे हातभर लांब घ्या.

पूर्ण दाबून झाल्यावर क्लॅम्प सोडा, पत्रा श्वास घेतल्यासारखा उघडेल. प्लायवूडचा नमुना दोन टोकांना आणि मध्ये लावा. मध्यात त्रिज्या मोठी आली असेल तर फळी मध्यात वाकतेय, जाड फळी घ्या किंवा मध्ये तिसरा माणूस. नाक थोडं जास्त आवळलं गेलं असेल तर चालतं, हाताने हलकं उघडता येतं. कमी आवळलं असेल तर परत जमिनीवर, "पट्ट्याने ओढून घेऊ" म्हणून पुढे जाऊ नका.

## ८. पंखावर चढवणं

पंख स्टँडवर उभा ठेवा, नाक वर. पत्रा रिबवर नुसता ठेवा, कुठेही न बांधता. हात सोडून मागे या आणि बघा. नाक सगळ्या रिबवर टेकलंय का? मागच्या कडा स्पारपासून दोन-तीन बोटं उघड्या असतील, ते ठीक आहे, हाताच्या दाबाने त्या टेकल्या पाहिजेत. तळव्याने दाबून टेकत नसतील तर आकार चुकलाय.

आता रॅचेट पट्टे, रिबच्या अगदी वर येतील असे, दोन रिबांच्या मधल्या पोकळीवर कधीच नाही. पट्ट्याखाली ब्लँकेटची घडी, वरखाली स्पारच्या रेषेत फळ्या म्हणजे दाब सारखा पसरतो. दोन क्लिक, फार तर तीन. तिसऱ्या शीटला माझं नाक जरा मोठ्या त्रिज्येचं होतं आणि ते बसवायला मी एक क्लिक जास्त दिली. कट् असा छोटासा आवाज आला. पत्रा काढून बघते तर आतल्या रिबची कड दुमडलेली. ऐंशी वर्षं टिकलेली रिब, आणि ती मी एका क्लिकमध्ये घालवली. ती बदलण्यात तीन आठवडे गेले. त्या दिवसापासून पट्टा मी दोन बोटांनीच फिरवते, बोटांना जोर लागला तर थांबते.

टोकाकडे जिथे पंख वळतो तिथला तुकडा वेगळा आहे, तिथे पत्रा दोन दिशांना वळतो, ही पद्धत त्याला चालत नाही. मूळचा तुकडा वाचवता आला तर वाचवा, नाहीतर तो एक विकत घ्या.

## ९. थंडीत ठोकू नका

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत गॅरेजमध्ये दोन-तीन डिग्री तापमानात मी उजव्या पंखाचे दोन तुकडे पक्के बसवले, अगदी आरशासारखे दिसत होते. जूनमध्ये पंख बाहेर उन्हात काढला आणि रिबांच्या मध्ये लाटा, हात फिरवला की कळतील अशा.

अ‍ॅल्युमिनियम सहा फुटांना ३० डिग्री वाढीत साधारण सव्वा मिलिमीटर लांबतं. स्प्रूस तंतूंच्या दिशेने त्याच्या पाव भागसुद्धा लांबत नाही. दोन्ही टोकं खिळलेली असली की तो एक मिलिमीटर जाणार कुठे, तो फुगूनच निघतो. म्हणून बसवायच्या दिवशी गॅरेज निदान २० डिग्रीवर आणा, आणि तासभर नाही, रात्रभर, म्हणजे पत्रा, रिब आणि स्पार सगळं एका तापमानाला येतं. जमलं तर त्याहून थोडं गरमच. उष्ण बसवलेला पत्रा थंडीत ताणला जातो आणि सपाटच राहतो, थंड बसवलेला उन्हात फुगतो. ते दोन्ही तुकडे मी काढून परत बसवले, चौथी शीट तिथेच गेली, खिळे काढताना कड फाटली.

## १०. भोकं, खिळे, रिव्हेट

मधल्या रिबपासून सुरू करा आणि दोन्ही टोकांकडे जा. टोकाकडून सुरू केलं तर जास्तीचा पत्रा मध्ये अडकतो आणि तिथे फुगा येतो. एका रिबवर आधी नाकाजवळ, मग वर, मग खाली. प्रत्येक भोकात लगेच क्लेको. सगळा तुकडा क्लेकोवर बसला की एकदा दिवा बंद करून टॉर्च पत्र्याला समांतर धरून बघा, सावलीत लाट दिसते.

मग सगळं परत काढायचं. हो, सगळं. भोकांच्या दोन्ही बाजूंची बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) काढा, आतला कचरा झटका, आतून प्रायमर मारा. हे टाळलं तर ड्रिलची कात (भोक पाडताना निघालेला पत्र्याचा कीस) रिब आणि पत्र्याच्या मध्ये अडकून तिथे पत्रा कायम उचललेला राहतो. रिव्हेटचं भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट आत हवं.

स्पारला खिळे असतील तर पार्ट्स मॅन्युअलमध्ये दिलेलेच, हार्डवेअरच्या दुकानातले नाही. आधी स्पारला वॉर्निश, ते पूर्ण वाळल्यावर पत्रा. खिळ्याआधी बारीक पायलट भोक, नाहीतर स्प्रूस चिरतो. जुनी भोकं सैल झाली असतील तर नवीन कुठे मारायची हे स्वतः ठरवू नका, विशेषतः स्ट्रट (पंखाचा तिरका टेका) जिथे जोडतो त्याच्या आसपास, आयएला विचारा.

## ११. कापडाच्या आधी

प्रायमर दोन भागांचं इपॉक्सी घ्या. जुन्या पद्धतीचं झिंक क्रोमेट कापडाच्या गोंदातल्या सॉल्व्हंटने सुटतं आणि चिकटवलेलं कापडच सोडून येतं, शिवाय त्यातलं क्रोमियम फुफ्फुसाला वाईट. कुठलंही प्रायमर मारताना योग्य मास्क.

प्रत्येक रिव्हेटचं डोकं, खिळा, जोडाची कड, पत्रा संपतो ती मागची कड, सगळ्यावर अँटी-चेफ टेप, कारण कापड उडताना सारखं थरथरतं आणि कडेवर घासून आतून कापलं जातं.

इस्त्री करताना पहिल्यांदा २५० फॅरनहाइटला सगळीकडे, मग ३५० ला. एकदम एका जागी ताणलं तर पातळ पत्रा रिबांच्या मध्ये आत ओढला जातो.

आणि कापड चढवायच्या आदल्या दिवशी आयएला बोलवा, कारण नंतर आत काहीच दिसत नाही. आमचा माणूस आला तेव्हा त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि मुळापासून टोकापर्यंत नाकावरून तळवा फिरवत चालत गेला. सात नंबरच्या रिबजवळ थांबला, परत मागे आला, म्हणाला "इथे." टॉर्च मारल्यावरसुद्धा मला काही दिसेना. तिथला पत्रा सोडवून उचलला तर ड्रिलची एक कात, नखाएवढी. ती काढली, परत बसवलं, त्याने परत हात फिरवला आणि लॉगबुक मागितलं.